वाट आपली, नकाशा कोणाचा?

कुलाबा किल्ल्यात भरतीमुळे पर्यटक अडकले, ही बातमी अलिबागकरांना आता नवीन राहिलेली नाही. अधूनमधून येतेच. त्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. पाहुणे म्हणतात मोबाईलवर तर जेमतेम अंतर दाखवत होतं. आपली माणसं म्हणतात मोबाईल बघून समुद्रात उतरणाऱ्यांना अद्दल घडायलाच हवी. मग दोन दिवस हसून सगळे आपापल्या कामाला.

माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत, आणि त्यातली आपली जास्त महागात पडणार आहे. जो नकाशा पाहुण्याला भरतीच्या तोंडी देतो, त्याच नकाशातून आपल्या पाखाड्या, बांधावरच्या वाटा आणि पुळणीवर उतरायचे रस्ते गायब आहेत. पाहुणा होडीने परत येतो. गायब झालेली वाट परत येत नाही.

आधी ही चालण्याची-सायकलची ॲप वाट शोधतात कशी, ते बघू. कोमूट, स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस ही नावं वीकेंडला रो-रोने मांडव्याला उतरणाऱ्या सायकलवाल्यांच्या तोंडी असतात. यांच्या पोटातला नकाशा मोठ्या प्रमाणात ओपनस्ट्रीटमॅपचा असतो. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, विकिपीडियासारखा, लोकांनी भरलेला नकाशा. त्यात प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. रेघेला माहिती चिकटवलेली: डांबरी की मातीचा, पायऱ्या आहेत का, सायकल जाते का, खासगी आहे का. ॲप या रेघा जोडून सोयीची वाट काढतं. रेघ नसेल तर त्याच्या लेखी वाटच नाही. रेघ आहे पण माहिती चिकटवलेली नाही, तर ते अंदाजाने ठोकून देतं. कनकेश्वराच्या सातशेच्या घरातल्या पायऱ्या कोणी पायऱ्या म्हणून नोंदवल्याच नाहीत, तर ते बिचारं सायकलवाल्याला खुशाल वर चढवेल. फणसाडच्या जंगलातली रेघ त्याला रेघच दिसते. अभयारण्यात शिरायला वन खात्याची परवानगी लागते, हे कोणी लिहून ठेवलं तर कळणार ना!

आणि एक गोष्ट तर जवळजवळ कोणत्याच ॲपला कळत नाही. वेळ. म्हणजे ट्रॅफिकची वेळ कळते. पण एखादी वाट दिवसाचे काही तास असते आणि काही तास नसते, हे गणित त्यात नाही. आपल्या किनाऱ्यावर अशा वाटा पावलोपावली आहेत. किल्ल्याची वाट, खाडीकाठची वाट, उघाडीवरून पलीकडे जाणारी वाट.

हा फक्त समुद्राचा प्रश्न आहे असंही नाही. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात एक गाडी ॲपच्या भरवशावर रात्री थेट धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणारा बुडाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. नकाशाला नव्हतं. २०२५ च्या जुलैत आपल्या शेजारी बेलापूरला उलव्याकडे निघालेल्या एका बाईंची गाडी जेट्टीवरून खाडीत गेली. सागरी सुरक्षेचे पोलीस जवळ होते म्हणून त्या वाचल्या. दोन्ही वेळा बातमी हीच, की ॲपने फसवलं. अहो, ॲपला सांगितलं कोणी होतं?

भरतीचं ज्ञान आपल्याकडे नाही का? आपल्या कोळीवाड्यातला म्हातारा पंचांग न उघडता सांगतो. तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य. मिनिटाचा हिशोब नव्हे, पण किल्ल्यात अडकायची वेळ येणार नाही इतका नक्की. शिवाय उधाण आणि भांग हा फरक त्याला माहीत असतो. अष्टमीला भर दुपारी ओहोटी सोयीची वाटते खरी, पण ती भांगाची, पाणी तेवढं मागे हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हटतं खूप, पण येतानाही तसंच येतं. मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वरचे आकडे पेपरात छापून येतात ते हेच.

हे झालं म्हाताऱ्याचं. सरकारकडेही आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो. पुढच्या वर्षीच्या भरतीची वेळ आधीच काढून ठेवलेली असते, तुमच्या-माझ्या कराच्या पैशांतून. मग ती किल्ल्यासमोरच्या पुळणीवर, घोडागाड्या उभ्या असतात तिथे, रोजच्या रोज ठळक का लिहिली जात नाही? सेल्फी पॉइंटला पैसे आहेत. फळा आणि खडू यांना नाहीत.

फेऱ्यांचंही तेच रडगाणं. मुंबईतून सायकल घेऊन आपल्याकडे यायचं तर अटल सेतूवर बंदी आहे. दुचाकी, रिक्षा, बैलगाडी, कोणालाच प्रवेश नाही. म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, नाहीतर रेवसची लाँच. पुढे मुरूड ओलांडून आगरदांड्याहून दिघी, आणि हरिहरेश्वरच्या खाली बागमांडल्याहून वेश्वी. या फेऱ्या नकाशावर निळ्या पाण्यात रेघ म्हणून दिसतात, पण त्या पावसाळ्यात बंद आहेत की चालू, शेवटची किती वाजता, हे ॲपला माहीत नसतं. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात हे आपल्याला पाठ आहे. सोलापूरहून निघालेल्या पोराने कुठून पाठ करावं? रेवस-रेड्डी मार्गाचं तर अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकतोय. आता त्या खाड्यांवर पूल येतायत. येऊ देत. पण त्या पुलांवर पायी माणसाला आणि सायकलला जागा किती ठेवली आहे, हे आत्ताच विचारा. पूल झाल्यावर तर बंद पडेल आणि पुलावर ‘सायकलला मनाई’ची पाटी लागेल. अटल सेतूवर लागलीच आहे.

हे सगळं पाहुण्यांच्या सोयीचं झालं. आता आपल्या मुद्द्यावर येतो.

स्ट्राव्हाचा एक ‘हीटमॅप’ आहे. लोक जिथून चालतात, पळतात, सायकल मारतात तिथे नकाशा उजळतो. जितकी वर्दळ तितका उजेड. २०१८ च्या जानेवारीत यावरून जगभर बोंब झाली. वाळवंटात, जिथे बाकी सगळा अंधार, तिथे लष्करी तळ लखलखत होते. सैनिक पळताना ॲप चालू ठेवायचे. बातमी झाली ती लष्करी गुपित फुटल्याची. मला त्यातली दुसरी गोष्ट लागली. त्या तळांच्या आजूबाजूला गावं होती, माणसं होती, रोज चालत होती. नकाशावर ती नव्हतीच.

आता आपला किनारा घ्या. मांडवा, किहीम, अलिबाग, रेवदंडा, काशीद हा रस्ता अशा नकाशावर उजळणारच. मुंबई-पुण्याचे सायकलवाले तिथूनच जातात. आणि डोक्यावर पाटी घेऊन पहाटे बंदरावरून बाजारात चालत येणारी कोळीण? खारेपाटात बांधावरून शेतावर जाणारा आगरी शेतकरी? डोंगरावरच्या ठाकरवाडीतून शाळेसाठी रोज उतरणारी मुलं? या तालुक्यात सर्वांत जास्त पायी चालणारी माणसं ही आहेत. त्यांच्यापैकी कोणी मनगटावर घड्याळ लावून ‘ॲक्टिव्हिटी’ सुरू करत नाही. त्यांच्या वाटा अंधारात. मग ॲप काय करतं? जिथे उजेड तिथेच पुढच्याला पाठवतं. सायकलवाल्याला वडखळ-अलिबाग महामार्गावर ट्रकांच्या मधोमध घालतं आणि नागाव-चौलच्या वाड्यांमधली, सुपारीच्या सावलीतली आतली वाट त्याला सुचतच नाही. आक्षीचा शके ९३४ चा शिलालेख किती वर्षं रस्त्याकडेला पडून होता आणि गाडीतून जाणाऱ्यांना दिसला नाही. तसंच हे.

यावर कोणी म्हणेल, बरंच आहे की. अंधारात आहेत म्हणून शांत आहेत. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. देवकुंडचं काय झालं ते आपल्या जिल्ह्याने बघितलंय. भिऱ्याजवळचा तो धबधबा मोबाईलवर गाजला, गर्दी लोटली, माणसं गेली, आणि आता पावसाळ्यात जमावबंदीचे आदेश काढावे लागतात. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात, ती नेमकी जागा नकाशावर टाकणं म्हणजे पाप आहे. देवराईतली वाट, एखाद्याच्या अंगणातून जाणारी वाट, हे मांडू नये. कबूल. पण देवकुंडला गर्दी रीळने नेली. पोरं पाण्याचा फोटो बघून निघाली, वाटेची रेघ बघून नाही. आणि गाव गप्प बसलं म्हणून वाट लपून राहते हा भ्रम आहे. आपण नाही मांडली तर मुंबईहून आलेला कोणीतरी एकदा चालून, अर्धवट, चुकीची, इंग्रजी नाव ठेवून मांडतो. आपण मांडली तर ‘फक्त ओहोटीत’, ‘पावसाळ्यात चिखल’, ‘सायकल नाही’ हे सोबत लिहिता येतं. नावही आपलं राहतं. पाखाडीला पाखाडीचं नाव, अमुक रिसॉर्टच्या मागची गल्ली नव्हे.

आणि या शांततेचा खरा फायदा कोणाला होतोय, ते एकदा उघड्या डोळ्यांनी बघा. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत गेल्या वीस-तीस वर्षांत जमिनी कोणाकडे गेल्या हे मी सांगायला नको. विकणारे आपणच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जमीन विकली म्हणजे वहिवाट विकली असं होत नाही. गडगा असायचा, त्यात बेडं असायचं, ते ढकलून माणूस वाडीतून पुळणीवर उतरायचा. पहिल्या वर्षी गडग्याच्या जागी कंपाउंड येतं. दुसऱ्या वर्षी बेड्याच्या जागी लोखंडी गेट. तिसऱ्या वर्षी वॉचमन, जो परप्रांतातून आलेला असतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की इथून कधी वाट नव्हतीच. पाचव्या वर्षी गावातली नवी पोरंही तेच म्हणतात. नकाशावर बघितलं तर बंगल्याची फरशीची वाट उपग्रहाच्या फोटोत छान दिसते. झाडाखालून जाणारी पाखाडी वरून दिसत नाही. झालं. पुरावा संपला.

कायदा आपल्या बाजूने नाही असं समजू नका. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेतच लिहिलेलं आहे की किनाऱ्यावरच्या दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना जाण्यासाठी किमान २० मीटरची मोकळी जागा हवी, आणि खासगी कुंपणाने किनाऱ्यावर जाणं अडता कामा नये. २०१९ च्या मार्चमध्ये किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, तेव्हा टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. पण त्यासाठी तो माणूस देश सोडून पळालेला असावा लागला आणि कोणीतरी आधी कोर्टात जावं लागलं. बाकीच्या कंपाउंडांसाठी सुरुंग येणार नाही.

तिथे उपयोगाला येतो १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. शेताकडे, चराईकडे, मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. वकिलांची फौज लागत नाही. पण मुदत किती? अडवल्यापासून सहा महिने. आपल्याकडे सहा महिने ‘बोलून बघू’ म्हणण्यातच जातात. मग दिवाणी कोर्ट, १८८२ चा सुविधाधिकार कायदा, वीस वर्षांची अखंड वहिवाट सिद्ध करा. कशाच्या जोरावर? म्हातारी साक्षीदार माणसं तोवर राहतात का?

इथे नकाशा कामाला येतो. नीट समजून घ्या, ओपनस्ट्रीटमॅपवरची रेघ म्हणजे सातबारा नव्हे. कोर्टात ती दाखवून वाट मिळत नाही. खरा कागद गावनकाशाच. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. त्याची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. महाभूनकाशावर घरबसल्या गटाच्या हद्दी बघता येतात. पण गावनकाशा जुना आणि प्रत्येक पाखाडी त्यात नाही. अशा वेळी अमुक तारखेला, अमुक वाटेने, गावातली दहा माणसं चालत गेली, वाट उघडी होती, ही मोबाईलवरची नोंद आणि तारखेचे फोटो तुमच्याकडे असले तर वाट कधी अडवली या प्रश्नावर तुम्ही मुके राहत नाही. सहा महिने कुठून मोजायचे, हे तरी सांगता येतं. २०२५ मध्ये महसूल खात्याने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचं ठरवलंय. ती आपोआप होत नाही. कोणीतरी कुठून कुठे हे दाखवावं लागतं.

इंग्लंडात हेच घडलं. २००० सालच्या कायद्याने तिथे ठरवलं की १९४९ आधीच्या ज्या पायवाटा २०२६ पर्यंत अधिकृत नकाशात नोंदल्या जाणार नाहीत, त्यांवरचा लोकांचा हक्क संपेल. रॅम्बलर्स नावाची चालणाऱ्यांची संघटना आहे. त्यांनी २०२० मध्ये हजारो लोकांना घरबसल्या कामाला लावलं, जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तुकड्या-तुकड्याने तपासले. इंग्लंड-वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून जास्त वाटा नोंदीतून निसटलेल्या सापडल्या. एवढा गवगवा झाल्यावर २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ती मुदतच रद्द करण्याचं जाहीर केलं. तिथे निदान मुदत लिहिलेली होती. आपल्याकडे प्रत्येक कंपाउंडाबरोबर एक मुदत सुरू होते आणि कोणाला पत्ताही नसतो.

आता ज्यांना हे पटतंय त्यांनी एक पथ्य पाळा. मेहनत कंपनीच्या पदरात घालू नका. कोमूट जर्मनीतली कंपनी, २०१० पासून लोकांनी त्यात वाटा, फोटो, सूचना भरल्या. २०२५ च्या मार्चमध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सने ती विकत घेतली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. ज्यांनी वाटा भरल्या त्यांना कोणी विचारलं नाही. गुगलच्या नकाशावर भरलेलंही गुगलचंच. ओपनस्ट्रीटमॅपवर भरलेलं कोणालाही वापरता येतं, उद्या ग्रामपंचायतीलासुद्धा. गुगलवरून नक्कल करून मात्र त्यात टाकू नका, नियमात बसत नाही. स्वतः चाला, नोंद करा, मग रेघ काढा. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं फुकट ॲप आहे, ते रस्त्यात उभं राहून साधे प्रश्न विचारतं, दहावीच्या पोराला जमेल. ऑरगॅनिक मॅप्समध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्कशिवाय चालतो. ३ जून २०२० आठवतंय ना? निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस ना लाईट ना मोबाईल. झाडं पडून डांबरी रस्ते बंद. कुठल्या वाडीला आतून कुठली वाट जाते, हे त्या दिवसांत खिशात असतं तर?

ग्रामसभेत हा विषय घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक पाखाडीची यादी करा, ठराव घ्या, प्रत तहसीलदारांना द्या. नगरपालिकेने आणि सागरी मंडळाने भरतीचा फळा लावावा, फेऱ्यांचं वेळापत्रक मराठीत आणि वाचता येईल अशा रीतीने टाकावं, यासाठी अर्ज करा. शाळेच्या मास्तरांनी मुलांकडून गावाचा नकाशा भरून घेतला तर भूगोलाचा एक तास सत्कारणी लागेल. सायकलवाल्या मंडळींना मी हात जोडून सांगतो, आमच्याकडे येता, मोदक-पोपटी खाता, छान वाटतं. पण तुमच्या रविवारच्या किलोमीटरमधले दोन किलोमीटर आमच्या आतल्या वाटेने चाला आणि ती नोंदवा. तुमच्या घड्याळाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

सुरुवात इथूनच करू. तुमच्या गावातली पुळणीकडे, खाडीकडे किंवा शेताकडे जाणारी जी वाट अडवली गेली, ती खाली लिहा. गाव, वाट कुठून कुठे जायची, आणि कुठल्या महिन्यापासून बंद. मालकाचं नाव लिहू नका, उगाच मानहानीच्या नोटिसा येतील आणि मूळ विषय बाजूला पडेल. महिना मात्र नक्की लिहा. सहा महिन्यांच्या आतल्या जेवढ्या असतील, त्यांचं काम आधी धरायचं आहे.